मुख्य सचिवांना खुले पत्र: महिला अधिकाऱ्यांना डावलण्याचं कारण कागदावर आणा

प्रति,
मा. मुख्य सचिव,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई

विषय: राज्य सेवेतील महिला अधिकारी व कर्मचाऱ्यांच्या पदस्थापना आणि कामाची परिस्थिती

सप्रेम नमस्कार.

मी महसूल खात्यातून उपजिल्हाधिकारी म्हणून निवृत्त झाले. सुरुवात नायब तहसीलदार म्हणून केली होती. हे पत्र आपल्याला टपालाने न पाठवता उघडपणे लिहिते आहे, कारण ज्यांनी ते लिहायला हवं त्यांना लिहिता येत नाही. सेवेतल्या बाईला १९७९ चे वर्तणूक नियम बांधतात. आणि नियम नसते तरी, जिथून पुढची पदस्थापना व्हायची त्या कार्यासनाविषयी जाहीर तक्रार कोण करेल? सेवेतल्या अनेकजणी मला फोन करतात, घरी येतात, बोलतात आणि शेवटी म्हणतात, "माझं नाव कुठे येऊ देऊ नका ताई." त्यांचं म्हणणं मी त्यांच्या वतीने मांडते आहे.

भरतीबाबत माझी तक्रार नाही. १९९४ साली देशातलं पहिलं महिला धोरण महाराष्ट्राने आणलं. शासकीय नोकरीतल्या ३० टक्के जागा महिलांसाठी ठेवल्या. पुढे २०२३ मध्ये खुल्या प्रवर्गातल्या मुलींना लागणारी नॉन-क्रिमीलेअरची अट काढली आणि २०२४ च्या महिला दिनाला चौथं धोरण जाहीर झालं. या निर्णयांमुळे माझ्यासारख्या हजारो जणी सेवेत आल्या, हे मी कृतज्ञतेने लिहिते. जिथे महिलांना आरक्षण नाही तिथलीही स्थिती पाहावी. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेत २०२२ साली शिफारस झालेल्या ९३३ जणांत ३२० महिला होत्या, २०२३ साली १०१६ मध्ये ३५२, आणि २०२४ साली १००९ मध्ये २८४. मुली येतच आहेत.

प्रश्न त्या आत आल्यावर सुरू होतो. यशदामध्ये प्रशिक्षणाला मुलगा आणि मुलगी एकाच बाकावर बसतात, एकच जमीन महसूल संहिता शिकतात. मग जिल्ह्यात रुजू होतात आणि कामाचं वाटप होतं. कोणत्याही जिल्हाधिकारी कार्यालयाचा फलक वाचला तरी वाटणी डोळ्यांत भरते. गौण खनिज (वाळू, मुरूम वगैरे), जमीन, भूसंपादन, मोठ्या तालुक्याचा प्रभार इथे बहुतेक वेळा पुरुष. संजय गांधी निराधार योजना, आस्थापना, रोजगार हमी, पुरवठ्याचं कार्यालयीन काम इथे बाई. अपवाद आहेत, मी स्वतः तालुका सांभाळला आहे, आणि आज काही जिल्ह्यांत महिला जिल्हाधिकारी उत्तम काम करताहेत. पण अपवादाची बातमी होते, यावरूनच तो अपवाद आहे हे कळतं.

निराधार योजनेचं काम कमी प्रतीचं आहे असं मी कधीच म्हणणार नाही. म्हाताऱ्या विधवेच्या खात्यात वेळेवर पैसे जाणं हे फेरफार मंजूर करण्याइतकंच महत्त्वाचं आहे. माझं म्हणणं वेगळं आहे. अधिकारी घडतो तो निकाल देऊन. मामलतदार न्यायालय अधिनियम १९०६ खाली शेतरस्ता अडवल्याचा दावा येतो, दोन्ही भाऊ समोर उभे असतात, वकील आवाज चढवतात, तुम्ही बांधावर जाऊन स्थळपाहणी करता, पंचनामा करता आणि मग सही करता. जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खालचं शेतजमिनीचं वाटप, पूर आल्यावर रात्री गाव हलवणं, मोर्चापुढे उभं राहून निवेदन घेणं हे सगळं खुर्चीत बसून येत नाही. पहिली दहा वर्षं एखादीला यातलं काहीच दिलं नाही, की अकराव्या वर्षी तिच्याविषयी सहज म्हणता येतं, "कार्यकारी पदाचा अनुभव कमी आहे." राज्य सेवेतून भारतीय प्रशासन सेवेत निवड व्हायची वेळ येते तेव्हा हीच उणीव तिच्या नावापुढे लागते. अनुभव मिळू दिला नाही कुणी, याची नोंद कुठल्याच गोपनीय अहवालात नसते.

यावर वरिष्ठांचं उत्तर ठरलेलं असतं, आणि बऱ्याचदा ते खरोखर काळजीपोटी दिलेलं असतं. वाळूची गाडी पकडायला रात्री दोनला जावं लागतं. नदीपात्रात अंधार असतो, माणसं दारू प्यायलेली असतात, ट्रॅक्टर अंगावर घालतात. तिथे बाईला कसं पाठवायचं? मी त्या नदीपात्रात गेले आहे, म्हणून सांगते. ट्रॅक्टर अंगावर येतो तेव्हा समोरचा अधिकारी पुरुष आहे की बाई हे बघून तो येत नाही. पुरुष तलाठ्यांवर आणि मंडळ अधिकाऱ्यांवर हल्ले झालेच आहेत. धोका खराच आहे, आणि त्यावर उपाय आहे पथक, चालती गाडी, सशस्त्र पोलीस आणि वेळेवर उचलला जाणारा वरिष्ठांचा फोन. हे उपाय झाले तर पुरुषही सुरक्षित राहतील. ते न करता फक्त बाईला यादीतून काढलं, तर धोका तिथेच राहतो आणि तिची संधी तेवढी जाते.

"हे काम बायकांना झेपणार नाही" हे सांगण्याची आपल्या प्रशासनात जुनी परंपरा आहे, आणि ती कशी मोडली गेली हेही नोंदलेलं आहे. अण्णा राजम जॉर्ज, पुढे मल्होत्रा, १९५१ साली भारतीय प्रशासन सेवेत आल्या, तेव्हा मुलाखत मंडळाने त्यांना सुचवलं होतं की परराष्ट्र सेवा किंवा केंद्रीय सेवा बायकांना अधिक योग्य. त्या हटल्या नाहीत. नियुक्तीच्या आदेशात अट होती, लग्न केल्यास सेवा समाप्त. मद्रास राज्यात मुख्यमंत्री राजगोपालाचारी त्यांना जिल्ह्यात पाठवायला तयार नव्हते, सचिवालयातलं पद देत होते. त्यांनी वाद घातला आणि होसूरच्या सब-कलेक्टर झाल्या. याच बाईंनी पुढे आपल्या रायगड जिल्ह्यात न्हावा-शेवा बंदराच्या उभारणीची धुरा सांभाळली. ज्यांना तालुका झेपणार नाही असं वाटलं होतं, त्यांच्या देखरेखीखाली देशातलं एक प्रमुख बंदर उभं राहिलं.

दुसरं उदाहरण सी. बी. मुथम्मा यांचं. त्या १९४९ साली परराष्ट्र सेवेत आलेल्या पहिल्या महिला. त्या सेवेच्या नियमांत लिहिलेलं होतं की महिला अधिकाऱ्याने लग्नाआधी शासनाची परवानगी घ्यावी आणि संसारामुळे कामात अडथळा येतो असं वाटल्यास तिला राजीनामा द्यायला सांगता येईल. विवाहितेला नियुक्तीचा हक्क नाही, असाही नियम होता. पदोन्नतीत डावलल्यावर मुथम्मा सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १९७९ मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी विचारलं की संसाराचा अडथळा बाईच्या कामात येतो, तर पुरुषाच्या कामात का येत नाही? तोवर सरकारने एक नियम काढून टाकला होता, दुसरा काढण्याची प्रक्रिया चालू होती आणि त्यांना पदोन्नतीही दिली होती. तरीही न्यायालयाने सगळ्याच सेवानियमांतून लिंगभेद पुसून काढायला बजावलं.

महोदय, ही दोन्ही उदाहरणं मी इथे का लिहिली, ते सांगते. त्या अटी अन्यायाच्या होत्या, पण त्या कागदावर होत्या. मुथम्मा नियमाचा क्रमांक सांगून न्यायालयात उभ्या राहू शकल्या. आज माझ्या खात्यातली एखादी नायब तहसीलदार कशावर बोट ठेवणार? असा कुठलाही नियम नाही. शासन निर्णय नाही. टिपणीत एक ओळ नाही. "तुम्हाला त्रास नको म्हणून" हे वाक्य केबिनमध्ये तोंडी बोललं जातं आणि आदेशावर फक्त नाव आणि नवीन पद छापलं जातं. मॅटमध्ये, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, जायचं तर पुरावा काय जोडणार? भेदभावाचा कागद नाहीसा झाला आणि भेदभाव राहिला, तेव्हा त्याच्याशी लढणं पूर्वीपेक्षा अवघड झालं. माझ्या मुख्य मागण्या या एका गोष्टीभोवती आहेत.

बदल्यांचा २००५ चा कायदा आहे, नागरी सेवा मंडळ आहे. मंडळापुढे कार्यकारी पदासाठी नावं येतात तेव्हा ज्येष्ठतेने पात्र असलेली महिला अधिकारी वगळली जात असेल, तर वगळण्याचं कारण इतिवृत्तात लेखी नोंदवावं आणि मागितल्यास तिला त्याची प्रत द्यावी. जिल्ह्याच्या पातळीवर शाखांचं वाटप करतानाही हेच लागू करावं. कारण योग्य असेल तर लिहायला अडचण येणार नाही. लिहिण्यासारखं नसेल, तर ते कारण तिथेच गळून पडेल.

आणि आकडे जाहीर करावेत. प्रत्येक कर्मचाऱ्याचं पद, कार्यालय, लिंग या नोंदी शासनाकडे आहेतच. पगार सेवार्थ प्रणालीतून निघतो, अर्थ व सांख्यिकी संचालनालय कर्मचाऱ्यांचा सर्वंकष माहितीकोष तयार करतं. एकूण महिला किती, हा आकडा फारसा काही सांगत नाही. किती तालुक्यांचा प्रभार महिलांकडे आहे, किती प्रांत (उपविभागीय अधिकारी) महिला आहेत, गटविकास अधिकारी किती, नगरपालिकांच्या मुख्याधिकारी किती, पोलीस ठाण्याच्या प्रभारी किती, कार्यकारी अभियंता किती, हे विभागवार आणि वर्षवार लोकांसमोर यायला हवं. महाराष्ट्राची स्थापना १९६० ची. पहिल्या महिला मुख्य सचिव सुजाता सौनिक यांची नियुक्ती २०२४ ची. मधली ६४ वर्षं लायक बाई नव्हती असं कुणीच म्हणणार नाही. नीला सत्यनारायण राज्य निवडणूक आयुक्त म्हणून २००९ ते २०१४ या काळात सबंध राज्याच्या स्थानिक निवडणुका घेऊ शकल्या, मग कोणतं पद आहे जे बाईला झेपणार नाही?

आता छळाच्या तक्रारींविषयी. हे लिहिताना माझा हात जड होतो. मार्च २०२१ मध्ये मेळघाटातल्या हरिसालच्या वनपरिक्षेत्र अधिकारी दीपाली चव्हाण यांनी स्वतःचं आयुष्य संपवलं. जंगलात राहून काम करणारी, धाडसी म्हणून ओळखली जाणारी अधिकारी. मागे ठेवलेल्या पत्रात त्यांनी वरिष्ठाकडून होणारा छळ लिहिला होता, गरोदरपणात जंगलात पायपीट करायला लावल्याचं लिहिलं होतं. ते पत्र वाचल्यावर माझ्या ओळखीतल्या कितीतरी जणी एकच गोष्ट म्हणाल्या: तिने सांगितलं नव्हतं असं नाही, ऐकलं गेलं नाही. तेव्हापासून काय बदललं, हे आपण प्रत्येक खात्याला विचारावं अशी माझी कळकळीची विनंती आहे.

कायदा आहे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविषयीचा सर्वोच्च न्यायालयाचा विशाखा निकाल १९९७ चा. तो भंवरी देवीवरच्या सामूहिक बलात्काराच्या घटनेतून आला. ती राजस्थान सरकारच्याच कार्यक्रमात साथीण, म्हणजे गावपातळीवरची कार्यकर्ती होती, बालविवाह थांबवायला गेली होती. म्हणजे या कायद्याचा उगम सरकारी कामातल्या सगळ्यात तळाच्या बाईत आहे. २०१३ चा अधिनियम सांगतो की दहा किंवा अधिक माणसं असलेल्या प्रत्येक कार्यालयात अंतर्गत तक्रार समिती हवी, अध्यक्ष वरिष्ठ महिला हवी, निम्म्या सदस्य महिला हव्यात, एक सदस्य बाहेरचा हवा, आणि चौकशी ९० दिवसांत संपायला हवी. मे २०२३ मध्ये गोवा विद्यापीठाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या कायद्याच्या अंमलबजावणीतल्या गंभीर त्रुटींवर बोट ठेवलं. तालुक्याच्या कार्यालयांत समिती बहुतेक वेळा फक्त आदेशात असते. अध्यक्ष म्हणून ज्या बाईचं नाव असतं, तिचा गोपनीय अहवाल कधी कधी तोच अधिकारी लिहितो ज्याच्याविरुद्ध तक्रार यायची. कार्यालयात वरिष्ठ महिला नसेल तर दुसऱ्या कार्यालयातून घ्यावी अशी तरतूद कायद्यातच आहे. ती वापरावी, एवढंच मागते.

पण एक गाठ याहून घट्ट आहे. तक्रार खुद्द कार्यालयप्रमुखाविरुद्ध असेल, तर ती जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. ही समिती नेमतो जिल्हा अधिकारी, आणि कायद्यानुसार तो जिल्हाधिकारी, अपर जिल्हाधिकारी किंवा उपजिल्हाधिकारी यांच्यापैकीच असतो. खासगी कंपनीतल्या बाईसाठी ही व्यवस्था ठीक आहे. महसूल प्रशासनातल्या बाईने काय करावं? ज्या साखळीविरुद्ध तिचं म्हणणं आहे, त्याच साखळीने नेमलेल्या समितीपुढे तिला उभं राहावं लागतं. अशा तक्रारींसाठी विभागीय पातळीवर, जिल्ह्याबाहेरच्या सदस्यांची स्वतंत्र व्यवस्था शासनाला आपल्या आदेशाने करता येईल. चौकशी चालू असताना तक्रारदार बाईचीच "सोयीसाठी" बदली होते, तीही थांबवावी. बदली करायचीच तर ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याची करावी.

रजेबद्दल थोडक्यात. राज्यात बालसंगोपन रजा २०१८ पासून मिळते, सबंध सेवेत मिळून १८० दिवस. केंद्राच्या महिला कर्मचाऱ्यांना ती ७३० दिवस आहे. रस्त्याच्या अलीकडे आणि पलीकडे असलेल्या दोन कार्यालयांतल्या बाळांच्या गरजेत एवढा फरक कसा असेल? एप्रिल २०२४ मध्ये हिमाचल प्रदेशातल्या एका शासकीय महाविद्यालयातल्या प्राध्यापिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नोकरीत स्त्रियांचा सहभाग हा त्यांचा घटनादत्त अधिकार आहे, ती कुणी दिलेली सवलत नव्हे. आपल्या आदेशात आणखी एक गोष्ट खटकते. पुरुष कर्मचाऱ्याला ही रजा पत्नी हयात नसेल किंवा असाध्य आजाराने अंथरुणाला खिळली असेल तरच मिळते. म्हणजे मूल आईचंच, असं शासनाने लिहून दिलं. ज्या तरुण बापांना मुलाचं करायचं आहे त्यांनाही ही रजा द्यावी. त्याने बायकांवरचा "रजेवर जाणारी" हा शिक्का पुसायला जितकी मदत होईल तितकी कशानेही होणार नाही. पती-पत्नी एकत्रीकरणाच्या बदल्यांतही नवऱ्याच्या गावी बायकोनेच जायचं, तिचं चांगलं पद सोडून, हेच मी वर्षानुवर्षं पाहिलं. अर्जावर दोघांच्या पदांचा विचार व्हावा.

पाळणाघराचंही तसंच. पन्नास किंवा अधिक माणसं कामाला ठेवणाऱ्या खासगी आस्थापनेला राज्याचा २०१७ चा दुकाने व आस्थापना अधिनियम पाळणाघर उघडायला लावतो. बहुतेक जिल्हाधिकारी कार्यालयांत आणि जिल्हा परिषदांत त्याहून कितीतरी अधिक माणसं आहेत. दुसऱ्यांवर घातलेला नियम शासनाने आपल्या इमारतीत आधी पाळावा.

स्वच्छतागृहाचा मुद्दा लिहायला नको वाटतो, इतक्या वेळा तो लिहून झाला आहे. तरी लिहिते, कारण तो सुटलेला नाही. तलाठ्याचं, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याचं कार्यालय अनेक गावांत भाड्याच्या एका खोलीत असतं. तिथे काम करणारी मुलगी सकाळपासून पाणी पीत नाही. गावातल्या ओळखीच्या घरी जायला तिला संकोच वाटतो, आणि पाळीच्या दिवसांत ती रजा टाकते किंवा सोसते. पंचायत समितीच्या जुन्या इमारतींत स्वच्छतागृह असतं पण किल्ली साहेबांच्या शिपायाकडे, किंवा पाणी नसतं, किंवा दाराला कडी नसते. मूत्रमार्गाच्या संसर्गाने आजारी पडणाऱ्या मुलींची नावं मी सांगू शकते, सांगणार नाही. बिहारने १९९२ पासून आपल्या महिला कर्मचाऱ्यांना महिन्याला दोन दिवसांची विशेष रजा दिली आहे, आणि तिथली कामं त्यामुळे थांबली नाहीत. आपण निदान दार, कडी आणि पाणी द्यावं. निवडणुकीत महिलांनी चालवलेलं सखी मतदान केंद्र आपण फुलांनी सजवतो. त्यांच्या रोजच्या कार्यालयावर वर्षभर तेवढंच लक्ष असावं.

शेवटी ज्यांना आपण कर्मचारी म्हणतच नाही त्यांच्याविषयी. अंगणवाडी सेविका, मदतनीस, आशा. गावात शासनाचा चेहरा त्याच आहेत. वजन त्या करतात, लसीकरणाला बाळ त्या आणतात, सर्वेक्षण त्यांच्याकडे, मतदार याद्या त्यांच्याकडे, प्रत्येक नव्या योजनेचे अर्जही त्याच भरून घेतात. त्यांना पगार नाही, मानधन आहे. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये अंगणवाडी सेविकांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असा निर्णय दिला. त्यानंतरही डिसेंबर २०२३ मध्ये आपल्या राज्यातल्या सेविकांना ऐन थंडीत संपावर उतरावं लागलं. प्रशासनातली सगळ्यात मोठी महिला फौज जर "मानसेवी" असेल, तर वरच्या पदांवर चार महिला नेमून समानता आली असं मला म्हणवत नाही. त्यांच्या सेवाशर्ती ठरवण्यासाठी कालबद्ध निर्णय व्हावा.

माझ्या या पत्रावर कदाचित असं म्हटलं जाईल की निवृत्त झाल्यावर बोलणं सोपं असतं. खरं आहे, सोपं आहे. म्हणूनच मी बोलते आहे आणि ज्यांना ते सोपं नाही त्यांच्या वतीने बोलते आहे.

बदल्यांचा हंगाम एप्रिल-मेचा. त्या आदेशांवर सह्या होण्याआधी वगळण्याचं लेखी कारण नोंदवण्याचं परिपत्रक सामान्य प्रशासन विभागाकडून निघावं, आणि आदेश निघाल्यावर महिनाभरात कार्यकारी पदांचा महिला-पुरुष तक्ता शासनाच्या संकेतस्थळावर यावा. या दोन गोष्टींना ना नवा कायदा लागतो, ना अर्थसंकल्पातली तरतूद. आपली सही लागते.

आपल्या उत्तराची वाट पाहते आहे.

आपली,
एक निवृत्त उपजिल्हाधिकारी